सध्याचं काम

गिरावीन, ३० जुलै २०२१

चि. हृषिकेश,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडून घेते.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शांतता. गिरावीनच्या मराठी पालकांच्या ग्रुपमधून तर तू मला काढूनच टाकलंस. सख्ख्या मोठ्या बहिणीला! दोन गल्ल्या सोडून राहतोस आणि मला पत्र लिहायला लावतोस. लॉकडाउनमध्ये व्यायामाला बाहेर पडायची परवानगी अजून आहे, तेव्हा चालत येऊन हे तुझ्या लेटरबॉक्समध्ये टाकते. बेल वाजवणार नाही. तसा नियमही आहे आणि माझी इच्छाही नाही.

मी ग्रुपवर काय लिहिलं होतं? तुझा शाळांचा तक्ता बावळटपणाचा आहे, एवढंच. बावळट मी तक्त्याला म्हटलं, तुला नाही. ते तू स्वतःला लावून घेतलंस त्याला माझा इलाज नाही.

तक्ता तू कसा केलास ते मला माहीत आहे. सरकारी वेबसाइट उघडलीस, आसपासच्या सगळ्या शाळांचे तिसरी-पाचवीला देशभर होणाऱ्या नॅपलॅन परीक्षेचे आकडे उचललेस आणि वरपासून खालपर्यंत नंबर लावलेस. गेल्या वर्षी करोनामुळे ही परीक्षा झालीच नाही, म्हणजे तुझे आकडे दोन वर्षांपूर्वीचे. बरं, तेही चालवून घेतलं असतं. पण वेबसाइटवर आमच्या शाळेपुढे लाल खूण आहे, ‘याच पार्श्वभूमीच्या मुलांच्या शाळांपेक्षा खूप खाली’. ती तू उचललीस आणि आम्हाला तळाला टाकलंस. ‘याच पार्श्वभूमीच्या’ म्हणजे कुणाच्या, हे कोण बघणार?

काल पालकसभा झाली, झूमवर. तिथे आमच्या प्रिन्सिपल मिसेस हॉलोरननी समजावून सांगितलं. प्रवेशाच्या फॉर्मवर आईवडिलांचं शिक्षण आणि सध्याचं काम विचारतात. त्यावरून प्रत्येक शाळेला एक आकडा मिळतो. आकडा मोठा, म्हणजे पालक सुस्थितीतले, मुलांना घरी मदत मिळते, म्हणून सरकार जादा मदतीचे पैसे कमी देतं. शिवाय वेबसाइट अशा शाळेची तुलना तशाच मोठ्या आकड्याच्या शाळांशी करते. आमची तुलना कुणाशी होते माहीत आहे? बंदराजवळच्या श्रीमंत वस्तीतल्या डॉक्टर-वकिलांच्या मुलांच्या शाळांशी. मी तर कपाळाला हात लावला.

कारण आपली माणसं. शिक्षण लिहिताना बी.ई., एम.टेक., एम.कॉम., सगळं खरं. पण सध्याच्या कामाच्या रकान्यात पुण्यातली सोडून आलेली नोकरी. सीनियर मॅनेजर, चीफ अकाउंटंट. फॉर्म मी पाहिलेले नाहीत, ते माझ्यासारख्या वर्गातल्या मदतनिसांना बघायला मिळत नाहीत. पण गिरावीनमध्ये कोण काय करतं हे कळायला फॉर्म लागत नाही. मॅनेजरसाहेब टॅक्सी चालवतात आणि चीफ अकाउंटंट औषधांच्या गोदामात खोकी भरतात.

आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला ‘फॉर्मवर जरा वजनदार लिहा, शाळेवर इम्प्रेशन पडतं’ असं ग्रुपवर सांगणारे गृहस्थ कोण होते? आठवतंय का, की स्क्रीनशॉट छापून आणू?

एक मेसेज टाक. लोकांनो, ऑफिसला फोन करून कामाचा रकाना दुरुस्त करा, शिक्षण राहू द्या. तुझं ते ऐकतात, का ऐकतात ते देव जाणे. या टर्मच्या शेवटी आकडे वरच्या ऑफिसला जातात, त्याच्या आत हे व्हायला हवं.

आशीर्वाद. देवयानीला आणि ऋतिकाला मनापासून, तुला नियमाप्रमाणे.

ताई


९ ऑगस्ट

चि. हृषिकेश,

तू चारुदत्तला मेसेज केलास म्हणे, ‘ताईला सांगा, डेटा इज डेटा.’ बहिणीला निरोप द्यायला तिच्या नवऱ्याचा पोस्टमन करायचा ही पद्धत आपल्या घरात नव्हती. तू सुरू केलीस, अभिनंदन.

परवा भाजी आणायला जाताना तुझ्या घरावरून गेले. पावणेबारा वाजले होते आणि बेडरूमचे पडदे बंद. देवयानी कुंड्यांना पाणी घालत होती. मी फुटपाथवरूनच विचारलं, मास्क लावून, दहा हात लांबून. ती म्हणाली, “ताई, तो झोपलाय. लेट कॉल असतात ना त्याला, ओव्हरसीज टीमबरोबर.” आणि घाईघाईने आत गेली, नळ चालू ठेवून. चांगले लाड आहेत वर्क फ्रॉम होमचे! आम्ही इथे सकाळी आठपासून मुलांना स्क्रीनसमोर बसवतोय आणि साहेब दुपारपर्यंत लोळतायत.

ऋतिकाच्या शाळेच्या नव्या इमारतीचा फोटो तू ग्रुपवर टाकला होतास, तो मी अजून विसरलेले नाही. तीन मजले, काचेची लायब्ररी, खाली ‘धिस इज व्हॉट एक्सलन्स लुक्स लाइक’. दारावरची पाटी वाचलीस का? इमारत राज्य सरकारच्या अनुदानातून बांधली आहे असं तिच्यावर स्वच्छ लिहिलंय. म्हणजे फी भरून जायच्या शाळेला सरकार मजले चढवून देणार, आणि सरकारच्या स्वतःच्या शाळेत आम्ही डिमाउंटेबलमध्ये. ट्रकवरून आणून पायांवर उभी केलेली खोली. ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून आणली होती, तिच्या पायऱ्या आता गंजून गेल्या. उन्हाळ्यात एसी बंद पडला की मिस टॅन मुलांना झाडाखाली बसवून वाचायला शिकवते. त्या झाडाला अनुदान नाही हेच नशीब.

मिस टॅन कोण ते तुला माहीत नसेल, तुला फक्त टक्केवारी माहीत असते. ज्या मुलांना वाचायला जड जातं त्यांना ती चारचारच्या गटात घेऊन बसते. तिचा पगार त्याच जादा मदतीच्या पैशांतून येतो. आकडा असाच राहिला तर पुढच्या वर्षी तिचा गट बंद.

आणि त्या गटात तुझी भाची आहे. वीणा तिसरीत आहे, हृषी. तिला अक्षरं कळतात, शब्द कळतो, पण ओळ लांबली की ती घाबरते आणि पुढचं मनाने बोलायला लागते. मेमध्ये नॅपलॅन देऊन आली तेव्हा दप्तर ठेवून सरळ पलंगाखाली जाऊन झोपली. मी वाकून विचारलं तर म्हणाली, “आई, डोन्ट टॉक अबाउट इट.” मिस टॅनकडे मात्र ती वाचते. पहिल्यांदा एक अख्खं पान वाचलं तेव्हा मिस टॅनने मला स्टाफरूममधून बोलावून आणलं होतं. दारात उभी राहून मी रडले, हे मी चारुदत्तलाही सांगितलेलं नाही.

तिच्या शाळेची लाल खूण तुझ्या तक्त्यात आहे. तुझ्या एका मेसेजवर तिचं पुढचं वर्ष अवलंबून आहे. मला तुझ्याकडून दुसरं काहीही नको.

ताई


२ सप्टेंबर

हृषिकेश,

‘चि.’ लिहायचं राहिलं असं समजू नकोस, मुद्दाम गाळलंय.

तू मेसेज टाकला नाहीस म्हणून मीच ग्रुपमधल्या एकेकाला फोन लावले. माझा अनुभव ऐक आणि मजा घे. आपले टॅक्सीवाले नरेंद्र म्हणाले, “विनीताताई, गाडी चालवणं हे काही माझं काम नाही. टेम्पररी आहे.” किती वर्षं टेम्पररी, असं विचारल्यावर त्यांना दुसरा फोन आला. कादंबरीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आपण सगळे कसे भुक्कड आहोत हे सरकारला कळवायचं? आणि मग इथल्या घरांच्या किमती उतरल्या की?” मी म्हटलं, अगं, तुझं नाव कुठे छापून येणार नाही, शाळेचा फक्त एक आकडा असतो. ती म्हणाली, “कळतंय हो, पण हृषिकेशदादा काही बोलले नाहीत ना याच्यावर.” बघ. तुझ्या मौनालासुद्धा मार्क आहेत.

शेवटी मी हात टेकले.

नाही, खरं सांगते, हात तिथे टेकले नाहीत. आमच्याच स्वयंपाकघरात टेकले. पहिल्या पत्रात मी दुसऱ्यांच्या रकान्यांबद्दल मोठ्या तोऱ्यात लिहिलं, पण आमचा काय आहे ते लिहिलं नाही. वीणाच्या फॉर्मवर चारुदत्तने ‘प्रॉडक्शन मॅनेजर’ लिहिलंय. चाकणचा. तुझे भावोजी इथे फोर्कलिफ्ट चालवतात हे तुला माहीत आहेच.

मला वाटलं, घरचंच आहे, दोन मिनिटांचं काम. त्याच्यापुढे फोन ठेवला आणि म्हटलं, शाळेला मेल कर, काम बदललंय म्हणून. तो कामावरून नुकताच आला होता, पिवळं जाकीटही उतरवलं नव्हतं. फोन त्याने उलटा करून ठेवला. मग म्हणाला, “विनी, दिवसभर तिथे मला सगळे ‘मेट’ म्हणून हाक मारतात, दोस्त म्हणून. चांगली माणसं आहेत, तक्रार नाही. पण या देशात एका कागदावर तरी मी मॅनेजर आहे ना? तेवढा राहू दे.”

मी म्हटलं, आणि वीणा? तो म्हणाला, “वीणासाठी मी डबल शिफ्ट करीन, ट्यूशन लावीन. हे नको.”

इतका राग आला मला. नवऱ्याचा राग आला आणि तो राग धड ठेवताही येईना, कारण तो बोलला ते खोटं नव्हतं. मी उठून आधीच घासलेली भांडी परत घासली.

म्हणून पुन्हा तुझ्याकडे येतेय. तुझी नोकरी मजबूत, पद मोठं, तुला लाज वाटायचं कारण नाही. तू सांगितलंस तर त्याला वाटेल की हा एवढा मोठा माणूस सांगतोय, म्हणजे यात कमीपणा नसेल. मी सांगून त्याला तसं वाटत नाही. बायकोने सांगितलं की ते घरचं होतं.

टर्म सतरा तारखेला संपते. गणपतीत झूमवर आरतीला ये, कॅमेरा बंद ठेवून का होईना, पण सतराच्या आधी मेसेज टाक.

ताई


२० सप्टेंबर

टर्म संपली. आकडे गेले. मिसेस हॉलोरननी मेल केला आहे, दोन ओळींचा, अगदी सभ्य.

आरतीला कॅमेरा बंद होता तुझा. पहाटेपर्यंत कॉल होते, असं देवयानीने सांगितलं.

यापुढे पत्र येणार नाही. आशीर्वादही नाहीत.

विनीता


१२ ऑक्टोबर

चि. हृषिकेश,

लिहिणार नव्हते. पण काल संध्याकाळी जे झालं ते तुला कुणी तरी सांगायला हवं, आणि चारुदत्त सांगणार नाही.

लॉकडाउन उठला म्हणून मी श्रीखंड केलं होतं. जेवताना त्याचा फोन सारखा वाजत होता. त्याने बघितलं आणि वाचायला लागला, आधी मनात, मग मोठ्याने. तुझा मेसेज. “मी हृषिकेश. शिक्षण एम.टेक. सध्याचं काम, सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला शेल्फ भरणं, गेल्या वर्षीच्या जूनपासून. ऋतिका जानेवारीत आपल्या सरकारी शाळेत परत येतेय. तिचा फॉर्म भरतोय, त्यात हेच लिहिणार आहे. वजनदार लिहा असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं. शाळांचा तक्ता डिलीट केलाय.”

वीणाने विचारलं, “मामा वर्क्स ॲट द शॉप्स? दॅट्स सो कूल.” तिला तेवढंच कळलं.

गेल्या वर्षीच्या जूनपासून, हृषी! दोन गल्ल्या सोडून राहतोस तू. भाऊबीजेला येऊन गेलास, माझ्या हातचे लाडू खाल्लेस, मार्केट डाउन आहे म्हणून भाषण दिलंस. आणि मी ‘पडदे बंद, साहेब लोळतायत’ असं तुला लिहून पाठवलं, ते तू शिफ्टवरून आल्यावर वाचलं असशील. मला वाईट वाटतंय आणि तुझा संतापही येतोय, आणि त्यातलं आधी कुठलं लिहू ते कळत नाही म्हणून दोन्ही एकदम लिहिते. मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुला? तुझी नोकरी मजबूत, पद मोठं असं मी लिहिलं, तेव्हा तरी?

पुढचं ऐक. अर्ध्या तासाने ग्रुपवर पहिलं उत्तर आलं. नरेंद्रांचं. “एम.कॉम. टॅक्सी.” बस, एवढंच. मग कादंबरीचा नवरा. “बी.आर्क. वेअरहाऊस.” मग एक बाई, मी तिला ओळखतही नाही, “दंतवैद्य. वृद्धाश्रमात मदतनीस.” चारुदत्त एकेक वाचत होता आणि त्याचं श्रीखंड वाटीत तसंच. मग तो वाचायचा थांबला. मला वाटलं, संपलं. बघते तर तो टाइप करत होता. मोठी बोटं त्याची, त्याला वेळ लागतो. पाठवून झाल्यावर त्याने फोन माझ्याकडे सरकवला. “बी.ई. मेकॅनिकल. फोर्कलिफ्ट.” आणि म्हणाला, “उद्या शाळेला मेल करतो. श्रीखंडात वेलची कमी पडली का गं?” वेलची बरोबर होती. मी हो म्हटलं.

आज सकाळी मिसेस हॉलोरनचा फोन आला. ऑफिसला इतके मेल आलेत की क्लार्कला वाटलं सिस्टिम बिघडली. ती मनापासून आभार मानत होती. मी मध्येच विचारलं, मग मिस टॅनचं काय? ती म्हणाली, “विनीता, आय ॲम सो सॉरी. पुढच्या वर्षीचे आकडे गेले. आता जे बदललंय ते त्याच्या पुढच्या वर्षीपासून धरतील.”

म्हणजे पुढचं अख्खं वर्ष गट नाही. मिस टॅन ब्लॅकटाउनच्या एका शाळेत चाललीय. गट परत सुरू होईल तेव्हा वीणा पाचवीत असेल, पुन्हा नॅपलॅनच्या तोंडावर. मागून येणाऱ्या लहान मुलांना सगळं वेळेवर मिळेल आणि मला त्याचा आनंद आहे, खरंच आहे. पण माझ्या मुलीचं वर्ष गेलं. तू एक महिना आधी लिहिलं असतंस तर गेलं नसतं. चारुदत्तने आधी मेल केला असता तरी एकट्याने काही झालं नसतं, म्हणून त्याला माफ केलं. तुला अजून केलेलं नाही. तुम्ही दोघांनी एवढं शिकून एका रकान्याला घाबरावं, याला मी काय म्हणू?

तेव्हा आता मी ठरवलंय ते लिहिते. तू सकाळी येऊन झोपतोस, दोनला उठत असशील. रात्री शिफ्टला जाईपर्यंत मोकळा असतोस. वीणाची शाळा पंचवीस तारखेला उघडतेय, म्हणजे तिसऱ्या दिवसापासून, बुधवारी, ती शाळा सुटली की तुझ्याकडे येईल. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. जमेल का, असं मी विचारलेलं नाही. मिस टॅनने जाण्याआधी पुस्तकं काढून द्यायचं कबूल केलंय, आणि कसं बसायचं तेही सांगितलंय. शेजारी बसायचं, समोर नाही. बोट तिने ठेवायचं, आपण नाही. मार्क द्यायचे नाहीत, वेळ लावायची नाही, आणि कसलाही तक्ता करायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ती शब्दाला अडली की तो तिला सांगायचा नाही. थांबायचं. तुला वाटेल आता फार झालं, तरी थांबायचं. तिला तो येतो. फक्त समोरचा माणूस कंटाळलेला नाही याची तिला खात्री व्हावी लागते.

ताई